पुलावरची सोडलेली जागा

“जागा सोडा, भाऊसाहेब. आधी जागा सोडा. अक्षर कुटं पळून जातंय?”

असं म्हणून पेंटर डावा डोळा मिटत, ब्रश आडवा धरत आणि पत्र्याच्या कोऱ्या पाटीवर वीत टाकून मोजत. मग दोन पावलं मागं सरून नुसतं बघत उभे राहत. पाटी ‘येथे थुंकू नये’ एवढीच असली तरी हा विधी चुकत नसे. तोवर आमचे लोक तिथं दोनदा थुंकून गेलेले असत, पण पेंटरांची जागा ठरल्याशिवाय ब्रश डब्यात बुडायचा नाही.

आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या हजेरीपटावर ते ‘रंगारी’ होते. लोक त्यांना पेंटर म्हणत. मी केजहून नुकताच टायपिस्ट म्हणून लागलो होतो आणि पाट्यांचा मजकूर टाइप करून त्यांना नेऊन देणं माझ्याकडं आलं होतं. उसाच्या गाड्यांचं वजन होतं त्या काट्याशेजारी त्यांची पत्र्याची खोली होती. आत रंगाचे डबे, टर्पेंटाइनचा वास आणि एक स्टूल. पेंटर स्वतः स्टुलाच्या कडेला बसत आणि उरलेल्या स्टुलावर हात थोपटत म्हणत, “बसा, जागा हाय.” तशी ती नसायची. पण बसलं की व्हायची.

प्रत्येक कारखान्याच्या दारात संचालक मंडळाच्या नावांचा एक मोठा फळा असतो, तुम्हीही पाहिला असेल. आमचा फळा पेंटरांनी रंगवला तेव्हा सगळ्यात खाली एक ओळ कोरी ठेवली. अध्यक्षांनी विचारलं, “पेंटर, ही ओळ कोरी कावून ठिवली?”

“स्वीकृत संचालक मागनं येतेत, साहेब.”

चार महिन्यांनी निवडणुकीत पडलेले एक गृहस्थ स्वीकृत म्हणून मागच्या दारानं आलेच. पेंटरांनी त्यांचं नाव त्या ओळीत बसवलं आणि त्याच्या खाली परत एक ओळ मोकळी काढली. फळ्यात जागा संपली होती, तर चौकटच दोन बोटं खाली सरकवली. तालुक्यातले निम्मे पुढारी येता-जाता त्या कोऱ्या ओळीत आपलं नाव वाचत, आणि त्यामुळं कारखान्याच्या दारात त्यांची वागणूक फार नम्र असायची.

जीपमध्ये माणसं कोंबून झाल्यावर ड्रायव्हर आणखी एकाला घ्यायला निघाला की सगळे ओरडत आणि पेंटर आपली मांडी आवळून घेत. पंगतीत वाढपी आला तर पानाचा एक कोपरा हातानं झाकत. मी एकदा चिडवलं, “पेंटर, तुम्ही झोपतानाही अर्धी बाज सोडता का हो?” ते रंग ढवळत होते. म्हणाले, “आमच्या आज्याला गावात कुनी बसायला जागा देत न्हवतं. आमच्या बापानं धम्म घेतला तवा आमाला सांगितलं, आता आपुन कुटंबी बसायचं. पर बसलं की शेजारी यका मान्साची जागा सोडायची.” आणि मग लगेच, “तो हिरवा डबा द्या हिकडं.” मी डबा दिला. त्यानंतर त्या बाबतीत मी त्यांना चिडवलं नाही.

आता पेंटरांच्या खोलीतल्या एका चित्राकडं येतो.

आमचे चीफ इंजिनिअर सांगलीकडचे. यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीनं त्यांना जपानी चित्रांचं एक मोठं कॅलेंडर दिलं होतं. डिसेंबर संपल्यावर त्यांनी ते टाकायला काढलं आणि पेंटरांनी मागून घेतलं. त्यातलं एकच पान त्यांना हवं होतं. एक लाकडी पूल. खाली निळी नदी, वर काळा ढग, आणि त्या दोन्हींच्या मध्ये वरपासून खालपर्यंत पाऊस. पुलावरून चार-दोन माणसं अंग चोरून पळतायत, कुणी छत्रीत, कुणी डोक्यावर चटई घेऊन. लांबवर एक होडीवाला एकटाच भिजतोय. हे पान त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि खोलीत, स्टुलासमोर लावलं.

“पाऊस बगा,” ते मला म्हणाले. “यकबी रेघ तुटली न्हाई.”

इंजिनिअर साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की ही चित्रं काढलेली नसतात, लाकडावर कोरून छापलेली असतात. पावसाची रेघ लाकडात कोरायची नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड तासून काढायचं आणि रेघ तेवढी उभी ठेवायची. हे ऐकल्यावर पेंटर दोन दिवस खुळ्यागत हिंडत होते. भेटेल त्याला अडवून सांगत, “अरे, त्यो बाबा रेघ काढत न्हाई, रेघ सोडतो. समजलं का?” वजनकाट्याच्या कारकुनाला काही समजलं नाही. पण पेंटरांना त्यांचा माणूस सापडला होता, मग तो जपानात का असेना.

त्यानंतर लागोपाठ दोन वर्षं आमच्याकडं पाऊस फिरकला नाही. ऊस नाही, म्हणून गाळप नाही. जिथं उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या पटांगणात जनावरांची छावणी पडली. पेंटर टँकरवर ‘पिण्याचे पाणी’ लिहीत आणि छावणीच्या दावणींना नंबर घालत. आणि छावणीतली माणसं दुपारी त्यांच्या खोलीत पाऊस बघायला येत. खरंच सांगतो, अगदी रांग नाही, पण दाराशी दोन-चार चपला कायम असत.

एक म्हातारा रोज येई. मोठा मिस्कील. पहिल्या दिवशी बराच वेळ बघून त्यानं विचारलं, “हे कंचं गाव म्हनायचं?”

“जपान.”

“मांजरा नदीच्या अल्याड का पल्याड?”

“लई पल्याड, बाबा.”

“मग तिकडं छावनी का न्हाई टाकली बे?”

ह्याच म्हाताऱ्यानं पुढचा घोळ घातला. म्हणाला, “चित्रातबी भुरभुरच हाय. जरा वाढवा की, पेंटर, तुमच्या हातात तर हाय.” पेंटरांनी बारीक ब्रश घेतला आणि श्वास रोखून दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणी मागितल्या. नाही म्हणणं पेंटरांच्या स्वभावात नव्हतं. उन्हाळा सरेपर्यंत त्या चित्रात असा काही पाऊस झाला की इंजिनिअर साहेब बघून म्हणाले, “अहो, बास करा, पूल वाहून जाईल.”

पेंटरांचं घर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. त्यांची बायको दुपारी फरशी पुलावरून डबा घेऊन येई. पेंटर तिला ‘सुमनची आई’ म्हणत, सुमन ही त्यांची एकुलती लेक. एका हातात डबा, दुसऱ्या हातात काळी पुरुषी छत्री, तिला दोन ठिगळं. पुलाखाली पाण्याचा थेंब नाही, आभाळात ढगाचं नाव नाही आणि ही बाई छत्री उघडून येतेय. छावणीतली पोरं हसत. मीही एकदा विचारलं, “वहिनी, पाऊस नाही तर छत्री कशाला?”

“ऊन काय कमी पडतंय का, भाऊसाहेब? चांगलं धो धो पडतंय.”

पेंटर जेवायला बसले की त्या बाजूला बसून छत्री त्यांच्या डोक्यावर धरत. पत्र्याच्या खोलीत, छपराखाली, छत्री. पेंटर म्हणत, “लोकं हसतेत.” त्या म्हणत, “पत्रा काय कमी तापतो?” आणि धरूनच बसत.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्या आजारी पडल्या. कावीळ म्हणून औषध चाललं होतं. तीन आठवड्यांत गेल्या. पेंटर पंधरा दिवस आले नाहीत. खोलीला कुलूप होतं.

कुलूप उघडलं त्या दिवशी मी सोबत होतो. चित्राला, पुलाच्या बरोबर मध्यावर, दोन बोटांएवढं भोक पडलं होतं. झालं असं की पान पुठ्ठ्यावर चिकटवायला पेंटरांनी मैद्याची खळ वापरली होती. आमच्या कारखान्यातले उंदीर साखरेवर वाढलेले. गाळप बंद, गोदाम रिकामं, त्यांची उपासमार झाली. त्यांनी खळ चाटली आणि सोबत पूल खाल्ला. दुष्काळात मैदा भिंतीला लावायची चूक आमच्या पेंटरांनीच करावी.

पुढच्या आठवड्यात मी गेलो तर भोक बुजलेलं होतं. मागून कागदाचं ठिगळ, त्यावर पुलाच्या फळ्यांचा हुबेहूब रंग, आणि त्या फळ्यांवर एक बाई. दोन बोटांएवढी. एका हातात डबा, दुसऱ्या हातात काळी छत्री. छत्रीला दोन ठिगळं.

“वहिनी जपानात कशा, पेंटर?” मी विचारलं.

“जलमभर बिगरपावसाची छत्री वाहिली तिनं,” ते म्हणाले. “म्हनलं, यकदा पाऊस लागू द्यावा.”

इथं गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण महिन्याभरानं पेंटर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली.

“भाऊसाहेब, तिथं आदी कोन व्हतं?”

“कुठं?”

“पुलावर. भोकाच्या जागी. कुनीतरी असल की. मला आठवंना झालंय. कुनाला तरी उठवून मी हिला उभी केली का काय?” मी हसायला लागलो, पण ते हसत नव्हते. “त्यो बिचारा कवापसून भिजत चाललेला. दुसऱ्याची जागा घेतली मी. आमच्या बापानं काय सांगितलं व्हतं?”

मी समजूत घातली, चित्रातल्या माणसाला काय कळतंय. उपयोग झाला नाही. ते बाईला खरवडून काढायला निघाले. पाती हातात घेतली, आणि तेही जमलं नाही. मग आठ दिवस ना धड काम, ना जेवण. चित्रावर फडकं टाकून बसले.

शेवटी कँटीनमध्ये विषय निघाला. वजनकाट्याचा कारकून म्हणाला, तिथं टोपलं घेतलेला हमाल होता, मी रोज बघायचो. शिपाई म्हणाला, हमाल नव्हे, कुत्रं होतं. छावणीतला म्हातारा छातीवर हात ठेवून म्हणाला, बैल होता आणि तो खिलार होता. मला विचाराल तर मला तिथं कुणीतरी पाठमोरं आठवत होतं, पण मी स्टुलाच्या कडेला बसून बघत असल्यानं छातीठोकपणे सांगता येईना. सहकारात वाढलेली माणसं आम्ही. कुणीतरी म्हणालं, हात वर करा. हमाल बहुमतानं मंजूर झाला. बैलाला म्हाताऱ्याचं एकट्याचं मत पडलं आणि त्यानं निषेध नोंदवला.

पेंटर म्हणाले, “खरं काय, ते हातं वर करून ठरत आसतंय व्हय?” आणि उठून गेले. आमच्या कारखान्यात हे वाक्य एवढ्या मोठ्यानं आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

मी इंजिनिअर साहेबांना पत्र लिहून विचारलं. ते तोवर मुंबईच्या नोकरीवर गेले होते. दोन महिन्यांनी त्यांच्याकडून वर्तमानपत्राचं कात्रण आलं. जपानी चित्रांचं प्रदर्शन मुंबईत आलेलं होतं आणि कात्रणात फोटो होता, तोच पूल, तोच पाऊस. फोटो शिक्क्याएवढा आणि शाई फुटलेली, मधलं काही दिसत नव्हतं. गाळप नव्हतंच, मुंबईला जायला रजा दोघांनाही मिळाली. पेंटर इस्त्रीचा सदरा घालून एसटी स्टँडवर आले. काखेत चित्र, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं.

“हे कशाला?”

“शेजारी धरून बघायला पायजे. नायतर पुन्ना इसरायचं.”

प्रदर्शनाच्या दारातल्या रखवालदारानं अर्थातच बोचकं आत नेऊ दिलं नाही. पेंटरांनी ते त्याच्या हातात दिलं आणि बजावलं, “उभं ठिवा. आत पाऊस हाय.” रखवालदारानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

आत अंधारं होतं, चित्रांवर मंद दिवे. आम्ही दोन दालनं ओलांडली आणि पेंटर एकदम थांबले. समोर पूल होता.

“बारकं हाय,” ते म्हणाले.

खरंच लहान होतं. उघडलेल्या वहीएवढं. आमचं कॅलेंडर त्याच्या तिप्पट. इतक्या लांब येऊन माणूस हिरमुसेल अशी मला भीती वाटली. पण पेंटर हळूहळू पुढं सरकले, हात पाठीमागं बांधले, आणि वरपासून सुरुवात केली. ढग बघितला. मग पाऊस. “आपुन लई पाडला, भाऊसाहेब. हितं बगा कसा मोजका हाय.” मग नदी बघितली आणि मला ओढून जवळ घेतलं. “पान्यात लाकूड दिसतंय. फळीचे वरस, लाकडाच्या रेघा, उठलेत कागदावर. कॅलिंडरात हे न्हवतं. त्या बाबानं नदी लाकडावरच सोडून दिली.” त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी टँकर आल्यावरही बघितला नव्हता. होडीवाला बघितला. त्याच्याकडं मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

पुलाच्या मध्याकडं मात्र बघेनात. पुलाच्या दोन्ही टोकांची माणसं बघून झाली, छत्र्या बघून झाल्या, आणि नजर मधल्या जागेच्या अलीकडं आली की परत ढगाकडं जायची. मी आधीच बघून घेतलं होतं. पण हे आधी माझ्या तोंडून यायला नको, एवढं मला कळलं.

शेवटी त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, लावला, आणि बघितलं.

मग माझी बाही ओढली.

“भाऊसाहेब, तुमी बगा.”

“बघितलं.”

“कोन हाय?”

“कुणी नाही.”

“नीट बगा. हमाल?”

“नाही.”

“कुत्रं?”

“नाही पेंटर. बैलही नाही. नुसत्या फळ्या आहेत.”

त्यांनी डावा डोळा मिटला. अंगठा आणि करंगळी हवेत ताणली आणि काचेपासून हातभर लांबून त्या मोकळ्या फळ्यांवर वीत धरली. आसपासची चार शहरी माणसं आमच्याकडं बघायला लागली. पेंटर दोन पावलं मागं आले.

“जागा सोडली व्हती त्यानी,” ते म्हणाले. “यका मान्साची.”

मग बाकावर बसले, कडेला, आणि शेजारी हात थोपटला. मी बसलो. ते रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती, म्हणून मलाही वाटली नाही. थोड्या वेळानं नाक पुसत म्हणाले, “हमालाचा ठराव रद्द करा म्हनावं.”

बाहेर पडताना वेगळंच नाटक झालं. पेंटरांनी दारातच बोचकं सोडून आपलं चित्र बघायला घेतलं, आणि पाळी बदलून आलेल्या दुसऱ्या रखवालदारानं आम्हाला धरलं. काखेत आतलंच चित्र घेऊन चाललोय असं त्याला वाटलं. मी घामाघूम. पेंटर शांतपणे म्हणाले, “आत जाऊन बगून या, साहेब. तुमच्यात पुलावर मदी कुनी न्हाई. ही आमची मंडळी हाय.” तो खरोखर आत गेला, बघून आला, आणि परत आमच्या चित्रावर वाकला. “बाई चांगली काढली आहे,” म्हणाला. “ती छत्री फाटली की काय?” पेंटरांनी त्याला दोन्ही ठिगळांचा इतिहास सांगितला, कोणतं कधी लावलं आणि कोणत्या सदऱ्याचं. आमची गाडी चुकली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. छावणी उठली, गाड्या आल्या, उंदरांनाही बरे दिवस आले. पेंटरांनी नव्या संचालकांचा फळा रंगवला, कोरी ओळ ठेवली, आणि काही वर्षांनी निवृत्त होऊन वस्तीवर राहायला गेले. मी अधूनमधून जात असे. चित्र तिथं भिंतीवर होतं, पण ह्या खेपेला चुन्यात रोवलेल्या खिळ्यांवर. खळीचं नाव निघालं की ते कानाला हात लावत.

ते गेले तेव्हा मी लातूरला लेकीकडं होतो. उशिरा कळलं. महिन्यानं सुमन ते चित्र घेऊन आली. म्हणाली, “काका, आबांनी सांगितलं व्हतं, भाऊसाहेबांना द्या. शेवटच्या वर्षात त्यांनी त्याच्यावर परत काम केलं. हात कापायचा, तरी करायचे.”

मी फडकं सोडलं. छावणीच्या काळात पाडलेला सगळा जादा पाऊस त्यांनी झाकून टाकला होता. मुंबईत होता तेवढाच, मोजका, ठेवला होता. वहिनी तिथंच होत्या. पण छत्री आता त्यांच्या डोक्यावर सरळ नव्हती. ती एका अंगाला कलली होती, आणि त्या कललेल्या बाजूला छत्री जरा मोठी झाली होती. तिच्याखाली, वहिनींच्या शेजारी, पावसाची एकही रेघ नव्हती. कोरड्या फळ्या, एक माणूस उभा राहील एवढ्या. मी दोन बोटं टेकवून बघितली. बरोबर भरली.

चित्र आता माझ्या बाहेरच्या खोलीत आहे. पोरांचे मित्र येतात आणि सांगतात, काका, तुमच्या चित्रात इथला पाऊस काढायचा राहून गेलाय.

मी म्हणतो, राहिलेला नाही. बसा, जागा आहे.